भुलीचं इंजेक्शन: दंतवैद्याचा हात हलका कसा होतो

"त्या डॉक्टरांचा हात हलका आहे," असं पेशंट एखाद्या दंतवैद्याबद्दल शेजारीपाजारी सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा भुलीचं इंजेक्शन असतं. दात काढताना किंवा रूट कॅनाल करताना जागा बधिर असते. जे काही सोसावं लागतं ते त्याआधीच्या दोन-तीन मिनिटांत. हलका हात ही जन्मजात देणगी आहे असं समजून पुष्कळ नवे डॉक्टर या मिनिटांवर मेहनतच घेत नाहीत. पण हलका हात म्हणजे धारदार सुई, कोरडी केलेली हिरडी, ताणून धरलेला ओठ आणि सावकाश सरकणारा अंगठा. यातलं सगळं शिकता येतं. पुढची माहिती नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या दंतवैद्यांसाठी आणि त्यांच्या असिस्टंटसाठी आहे. शेवटचा भाग पेशंटनी जरूर वाचावा.

दुखतं कशानं

सुई टोचली म्हणून दुखलं, हे अर्धंच खरं. टोक वरच्या आवरणातून आत जातं तो क्षण छोटा असतो, आणि जागेवर आधी नीट जेल लावलं असेल तर तो बऱ्याचदा कळतही नाही. त्रास पुढे सुरू होतो. औषध आत शिरतं तेव्हा त्याला जागा करून द्यायला मांस फुगतं, ताणलं जातं. गाल आणि हिरडीच्या मधल्या सैल खाचेत एक मिली औषध सहज मावतं. टाळूवर मात्र आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं, तिथे पाव मिलीलासुद्धा जेमतेम जागा असते. जितक्या घाईने ढकलाल तितका ताण, आणि तितकीच कळ.

दुसरं कारण बाटलीतच आहे. आपल्याकडे सर्रास वापरलं जातं ते २ टक्के लिग्नोकेन, रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या १:८०,००० अ‍ॅड्रेनलिनसह. अ‍ॅड्रेनलिन टिकावं म्हणून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात आणि द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. त्याचा पीएच ४ च्या आसपास असतो, शरीराचा ७.४. म्हणून पहिले थेंब चुरचुरतात आणि पेशंट "आग झाली" म्हणतो. अ‍ॅड्रेनलिन नसलेलं साधं लिग्नोकेन त्या मानाने बरंच कमी आम्लधर्मी असतं आणि कमी चुरचुरतं. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरं कारण म्हणजे सुईचं टोक हाडावरच्या पातळ आवरणाला खरवडणं, किंवा ब्लॉक (नसेच्या वाटेवर औषध सोडून पुढचा सगळा भाग बधिर करणारं खोल इंजेक्शन) देताना स्नायूत शिरणं. आणि चौथं भीती. भेदरलेला माणूस ओठ, गाल, खांदे सगळं आवळून बसतो. आवळलेल्या गालात सुई जास्त लागते, आणि पेशंट दचकून हलला तर ती आतून ओरखडते.

सुई: सगळ्यात स्वस्त सुधारणा

छोट्या दवाखान्यांत अजूनही ३० मिलीच्या बाटलीतून डिस्पोजेबल सिरिंजमध्ये औषध भरायची पद्धत आहे. त्यात चूक काही नाही. चूक होते ती पुढे: ज्या सुईने बाटलीचं रबरी बूच भोसकलं तीच सुई तोंडात जाते. नव्या सुईचं टोक तिरकं कापलेलं आणि सिलिकॉनचा लेप दिलेलं असतं. ती एकदा रबरातून गेली की टोक किंचित बोथट होतं, लेप पुसला जातो. मग हिरडीत शिरताना ती सरकत नाही, ओढत जाते. म्हणून औषध भरायला एक सुई आणि टोचायला दुसरी, कोरी. खर्च दोन-चार रुपयांचा. ज्या दवाखान्यात "इंजेक्शन फार दुखलं" अशी तक्रार वारंवार येते, तिथे पहिला बदल हाच करावा. पेशंटच्या तोंडात गेलेली सुई किंवा सिरिंज पुन्हा बाटलीत घालायची नाही, हे सांगायलाच नको. अजून औषध लागलं तर नवी सिरिंज, नवी सुई. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

हाडाला लागलेल्या सुईचं टोक बारीक गळासारखं वळतं. बाहेर काढताना ते मांस ओरबाडतं. निर्जंतुक गॉजवरून टोक हलकेच ओढून पाहा: धागा अडकला तर ती सुई संपली. एकाच पेशंटला चार ठिकाणी टोचायचं असेल तर तिसऱ्या-चौथ्या टोचणीला सुई बदलणं शहाणपणाचं.

सुई जितकी बारीक तितकं कमी दुखतं, अशी ठाम समजूत आहे. २५, २७ आणि ३० गेजमधला (आकडा मोठा तितकी सुई बारीक) फरक मात्र पेशंटना सहसा ओळखता येत नाही, हे तपासून पाहिलं गेलं आहे. टोक धारदार असणं जास्त महत्त्वाचं. खालच्या जबड्याच्या ब्लॉकसाठी ३० गेजची आखूड सुई तर धोक्याचीच, कारण ती आत वाकते, रक्तवाहिनीत शिरली तरी रक्त सहज ओढून दाखवत नाही, आणि तुटलेल्या सुयांमध्ये तिचंच नाव जास्त येतं. सिरिंजबरोबर येणारी एक इंची सुईही ब्लॉकला अपुरी पडते. ब्लॉकची खोली २० ते २५ मिलीमीटर असते, म्हणजे सुई मुळापर्यंत आत जाते, आणि सुई तुटते ती नेमकी मुळाशी. ब्लॉकला दीड इंची, २५ किंवा २६ गेज घ्या. कार्ट्रिज (औषध भरलेली तयार नळी) वापरत असाल तर २७ गेजची लांब सुई. कोणत्याही इंजेक्शनला निदान ५ मिलीमीटर सुई बाहेर दिसत राहिली पाहिजे.

टाळूसाठी आणि लहान मुलांसाठी एक मिलीची इन्सुलिन सिरिंज फार कामाची. तिची नळी अरुंद, त्यामुळे अंगठ्याला कमी जोर लागतो आणि थेंबाथेंबाने औषध सोडता येतं. मात्र तिच्यावरच्या खुणा समजून घ्या. यू-४० सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे १ मिली, म्हणजे ०.२ मिलीला ८ युनिट. यू-१०० मध्ये तेच २० युनिट. या सिरिंजची सुई पक्की बसवलेली असते, बदलता येत नाही, म्हणून ती रबरी बुचात खुपसायची नाही. दट्ट्या काढून, आतल्या टोकाला हात न लावता, दुसऱ्या सिरिंजमधून मागच्या बाजूने औषध सोडावं, दट्ट्या परत बसवावा आणि सुई वर करून हवा काढून टाकावी.

फ्रिजमधून काढलेलं थंडगार औषध लगेच देऊ नका. लागणार तेवढं आधी काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम पाण्यात बुडवून तापवण्याची गरज नाही. जास्त गरम औषधही भाजल्यासारखं लागतं.

टोचण्याआधीची दोन मिनिटं

जेल किंवा स्प्रे नुसता "लावल्यासारखा" केला तर त्याचा उपयोग शून्य. हिरडी ओली असेल तर जेल लाळेबरोबर घशात जातं, जीभ आणि पडजीभ बधिर होते, पेशंटला उमासे येतात आणि टोचायची जागा कोरीच राहते. क्रम असा ठेवा. कापसाच्या किंवा गॉजच्या बोळ्याने जागा पुसून कोरडी करा. कापसाच्या काडीवर मुगाएवढं जेल घ्या, २० टक्के बेन्झोकेन किंवा ५ टक्के लिग्नोकेन. ते नेमक्या टोचायच्या ठिकाणी ठेवून ओठ मिटू द्या. घड्याळ लावून एक मिनिट, जमलं तर दोन. मग उरलेलं जेल पुसून टाका. त्याचा परिणाम वरच्या दोन-तीन मिलीमीटरपुरताच असतो, म्हणून ब्लॉकची खोलवरची कळ त्याने जात नाही. स्प्रे असेल तर तो आधी कापसावर मारा आणि कापूस जागेवर ठेवा, थेट तोंडात फवारू नका. स्प्रेतही लिग्नोकेनच आहे आणि लहान मुलाच्या एकूण डोसमध्ये ते धरावं लागतं.

या मिनिटातच बोलून घ्या. "अजिबात दुखणार नाही" असं म्हणू नका, कारण जरा जरी दुखलं तरी पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा विश्वास जातो. "सुई", "टोचतंय", "जरा सहन करा" हे शब्दही टाळलेले बरे. "काकू, आता थोडं दाबल्यासारखं, ताणल्यासारखं वाटेल. मी मुद्दाम हळू देणार आहे, म्हणून मिनिटभर लागेल. थांबावंसं वाटलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." एवढं पुरतं. आणि हात वर झाला की खरंच थांबायचं. थांबवण्याची मुभा आपल्या हातात आहे हे कळलं की बहुतेक पेशंट हात वर करतच नाहीत. असिस्टंटने सिरिंज पेशंटच्या हनुवटीखालून किंवा डोक्यामागून द्यावी, डोळ्यांसमोरून मिरवत नेऊ नये. खुर्ची आडवी असू द्या. भीतीने येणारी चक्कर ही दंतवैद्याच्या खुर्चीतली सगळ्यात नेहमीची तातडीची घटना आहे, आणि ती बसलेल्या पेशंटला जास्त येते.

हाताची कृती

ओठ किंवा गाल अंगठा आणि तर्जनीत धरून असा ताणा की आवरण तबल्याच्या पुडीसारखं ताठ होईल. सैल आवरण सुईपुढे दबतं, मग फाटतं. ताठ आवरणातून टोक पटकन पार होतं. सुईचा तिरका काप हाडाकडे असू द्या. हात हवेत ठेवू नका. करंगळी पेशंटच्या हनुवटीवर किंवा गालावर टेकवा. टोक आत जाण्याच्या क्षणी धरलेला ओठ झपझप हलवा. ही हालचाल मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांच्या वाटेत गर्दी करते आणि बारीक टोच तिच्यात हरवते. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये वेदनेच्या "फाटका"चा सिद्धांत मांडला तो याच स्वरूपाचा. आपटलेला गुडघा आपण चोळतो त्यामागेही हेच आहे. कंपन देणारी तयार यंत्रं मिळतात, पण दोन बोटांनी हलवलेला ओठ पुष्कळ काम करतो.

टोक दोन मिलीमीटर आत गेलं की थांबा. रक्त येत नाही ना, हे दट्ट्या मागे ओढून पाहा. एक-दोन थेंब सोडा आणि पाच-सहा सेकंद काही करू नका. मग जरा पुढे, पुन्हा थेंबभर. आपण बधिर केलेल्या जागेतूनच सुई पुढे सरकत राहिली पाहिजे. पेशंट फारच संवेदनशील असेल तर हे दोन टप्प्यांत करा: आवरणाखाली फक्त ०.२ मिली सोडून सुई बाहेर काढा, दोन मिनिटं थांबा, मग खोलवर जा. ही पहिली ०.२ मिली अ‍ॅड्रेनलिनविरहित साध्या लिग्नोकेनची असेल तर चुरचुर आणखी कमी होते.

आता वेग. मिलीला एक मिनिट, ही मर्यादा समजा. २ मिलीच्या सिरिंजवर प्रत्येक बारीक रेघ ०.१ मिलीची असते, म्हणजे एका रेघेला सहा सेकंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत एकदा करून पाहा. पहिल्यांदा हे असह्य संथ वाटतं, कारण सवयीने आपण अख्खी मिली पाच-सात सेकंदांत रिकामी करत असतो. अंगठ्याला विरोध जाणवला तर जोर वाढवायचा नाही, थांबायचं. विरोध म्हणजे तिथे जागा नाही. टोक हाडाच्या आवरणाखाली शिरलेलं असेल तर एक मिलीमीटर मागे घ्या. दट्ट्या यंत्राने ठरावीक वेगाने पुढे नेणारी संगणकनियंत्रित साधनं १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली. ती जे करतात ते मुळात एवढंच: माणसाच्या अंगठ्याला न जमणारा संथपणा.

चुरचुर मुळातूनच कमी करायची असेल तर सोडा बायकार्ब घालून औषधाची आम्लता मोडता येते. प्रमाण १० ला १: म्हणजे १.८ मिली लिग्नोकेन-अ‍ॅड्रेनलिनमध्ये साधारण ०.२ मिली ७.५ किंवा ८.४ टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट इंजेक्शन. देण्याच्या अगदी आधी सिरिंजमध्ये मिसळा. आत बुडबुडे दिसतात, ती हवा काढून टाका. मिश्रण ठेवून द्यायचं नाही, कारण आम्लता गेली की अ‍ॅड्रेनलिन टिकत नाही. द्रावण गढूळ दिसलं तर टाकून द्या. ब्युपिव्हाकेन या भुलीच्या दुसऱ्या औषधात हा प्रयोग करू नका, त्यात साका लवकर धरतो.

वरचे पुढचे दात

नाकाखालची जागा फार हळवी. इथे टोचलं की डोळ्यांत पाणी येतंच. पुढचे चार-सहा दात बधिर करायचे असतील तर मधून सुरुवात करू नका. मागे, वरच्या पहिल्या लहान दाढेपाशी सुरू करा. तिथे आवरण सैल असतं आणि इंजेक्शन त्या मानाने सोपं जातं. तिथे ०.५ मिली दिल्यावर दोन मिनिटांनी बधिर झालेल्या कडेतून सुई घालून पुढे सुळ्यापाशी, मग आणखी पुढे, असं सरकत मधल्या दातांपर्यंत या. दर खेपेला सुई आधीच सुन्न झालेल्या मांसात शिरते.

टाळू

पेशंटला सगळ्यात जास्त लक्षात राहतं ते टाळूचं इंजेक्शन. म्हणून त्याला जरा जास्त वेळ द्यायला हवा.

आधी बाहेरच्या बाजूचं, म्हणजे गालाकडचं इंजेक्शन पूर्ण करून पाच मिनिटं जाऊ द्या. मग टाळूवर, दाताच्या हिरडीच्या कडेपासून ५ ते १० मिलीमीटर आत, जेल लावलेली कापसाची काडी ठेवा आणि दाबा. नुसती टेकवायची नाही. टाळूचा गुलाबी रंग जाऊन काडीभोवती पांढरं वर्तुळ उमटेल इतकी दाबायची. तीस सेकंद तशीच धरून ठेवा. हा दाब पेशंटला जाणवतो, पण तो दुखत नाही, आणि त्याखालची जागा निम्मी सुन्न होते. आता काडी न उचलता, त्या पांढऱ्या वर्तुळाच्या कडेलाच सुईचं टोक टेकवा. टेकवल्या टेकवल्या एक थेंब बाहेर सोडा, मग एक-दोन मिलीमीटर आत. काडीचा दाब इंजेक्शन संपेपर्यंत सोडायचा नाही. औषध जाईल तसा पांढरेपणा पुढे सरकताना दिसतो. तो हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचला की थांबा. बहुतेक दाढांना ०.२ ते ०.३ मिली पुरते. त्यासाठी निदान वीस-तीस सेकंद घ्या.

औषध जास्त आणि जोरात गेलं तर अ‍ॅड्रेनलिनने तिथला रक्तपुरवठा आकसतो आणि दोन-तीन दिवसांनी टाळूवर जखम पडते. पेशंट परत येऊन "डॉक्टर, दात बरा आहे, पण वरती फोड आलाय" म्हणतो तो हाच. साधारण एक-दोन आठवड्यांत ती भरून येते, पण तोवर आमटीचा घोटही झोंबतो.

पुढच्या दोन दातांमागच्या टाळूत थेट टोचणं टाळता येतं. आधी ओठाच्या बाजूने ०.३ मिली. मग दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून सुई आडवी मागे नेऊन थेंबथेंब औषध, टाळूकडची बाजू पांढरी पडेपर्यंत. त्यानंतरच मागच्या बाजूने, गरज उरली तर. लिग्नोकेनऐवजी ४ टक्के आर्टिकेन हे भुलीचं औषध बाहेरून दिल्यावर कित्येकदा वरची दाढ टाळूच्या इंजेक्शनशिवायच निघते. पण टाळूकडची हिरडी टोकदार प्रोबने तपासल्याशिवाय चिमटा लावू नका.

खालच्या जबड्याचा ब्लॉक

तंत्र सगळ्यांनी शिकलेलं असतं, म्हणून इथे फक्त दुखण्याशी संबंधित बाबी. अंगठा जबड्याच्या उभ्या हाडाच्या खोलगट कडेवर ठेवून मांस बाहेर ताणा. सिरिंज पलीकडच्या लहान दाढांवरून येऊ द्या. सुई उभ्या घडीच्या जरा बाहेरच्या अंगाने आत न्या, खालच्या दाढांच्या पातळीपेक्षा ६ ते १० मिलीमीटर वर. घडीच्या आतल्या बाजूला गेलात तर स्नायूत शिराल: तेव्हाही दुखतं, आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. २० ते २५ मिलीमीटरवर हाड हलकेच लागतं, ठोकायचं नाही. मग एक मिलीमीटर मागे, रक्त ओढून पाहणं, आणि १.५ मिली दीड मिनिटात. सुई निम्मी बाहेर घेऊन ०.२ मिली जिभेच्या नसेसाठी.

हाड फार लवकर लागलं तर सुई बाहेर घेऊन दिशा बदला, आतल्या आत वळवू नका. २५ मिलीमीटरवरही हाड लागलं नाही तर औषध सोडू नका. टोक लाळग्रंथीपर्यंत गेलेलं असू शकतं आणि मग अर्धा चेहरा काही तास लुळा पडतो. जिभेत किंवा ओठात अचानक करंट बसल्यासारखं झालं तर सुई नसेला टेकली आहे. तिथे औषध सोडायचं नाही. दोन मिलीमीटर मागे या, पेशंटला सांगा, "हे अपेक्षित आहे, नस जवळ आहे एवढंच," आणि मग द्या. सिरिंजमध्ये रक्त दिसणं या ब्लॉकला नवल नाही, साधारण दहातल्या एका खेपेला दिसतं. जागा बदला.

ओठ जड झाला म्हणजे दात बधिर झाला असं नव्हे. ओठाला तीन-पाच मिनिटं लागतात, दाताच्या आतल्या नसेला दहा-पंधरा. घाईने ड्रिल लावायचं, पेशंट ओरडला की पुन्हा ब्लॉक, या चक्रात एका जागी चार टोचण्या होतात आणि आठवडाभर जबडा आखडतो. थंडगार स्प्रे मारलेला कापूस दाताला लावून आधी तपासा. ठणकणाऱ्या, रात्र जागवणाऱ्या दाढेला ब्लॉक अनेकदा पुरा पडत नाही. अशा वेळी दुसरा ब्लॉक देत बसण्यापेक्षा दाढेच्या बाहेरच्या बाजूला आर्टिकेन द्या, किंवा हिरडी आणि मुळाच्या फटीत प्रत्येक मुळाला ०.२ मिली. तासभर आधी घेतलेलं आयबुप्रोफेन अशा दाढेच्या ब्लॉकला मदत करतं. पोटाचा अल्सर, किडनीचा त्रास, औषधाने बळावणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर मात्र ते देऊ नका. सुजलेल्या, पू भरलेल्या जागेत थेट टोचू नका. भयंकर दुखतं, आणि तिथल्या आम्लतेत औषध चालतही नाही. सूज सोडून मागे, नसेच्या वाटेवर द्या.

गुटखा-तंबाखूचं तोंड

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, मावा, खर्रा यांनी आखडलेली तोंडं खुर्चीत येतच असतात. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये गालाच्या आतली बाजू पांढुरकी आणि चिवट झालेली असते. सुई जोर दिल्याशिवाय जात नाही, औषध पसरत नाही, आणि आवरणाची आधीच आग होत असते. अशा ठिकाणी नेहमीच्या निम्म्या वेगाने द्या, सुई दर टोचणीला बदला, भूल चढायला दुप्पट वेळ धरा. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर नेहमीचा ब्लॉक रेटू नका. वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये सांगितलेली, तोंड मिटून द्यायची पद्धत वापरा. दात सैलसर मिटलेले, सुई वरच्या शेवटच्या दाढेच्या हिरडीच्या पातळीला समांतर, सुमारे २५ मिलीमीटर आत. हाड लागायची वाट पाहायची नाही.

लहान मुलं

वजन विचारल्याशिवाय सिरिंज भरू नका. लिग्नोकेन किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही कमाल. २ टक्के म्हणजे मिलीत २० मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला म्हणजे जास्तीत जास्त ६६ मिलिग्रॅम, ३.३ मिली, आणि प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी द्यावं. आर्टिकेन चार वर्षांखालच्या मुलांना नको. "दाताला झोपवूया, गाल जाडा जाडा होईल" अशी भाषा चालते. आईबाबांना आधीच सांगून ठेवा की "इंजेक्शन" हा शब्द घरी धमकी म्हणून वापरू नका. टोचताना असिस्टंटचा हात मुलाच्या दंडावर हलका टेकलेला असावा. आवळून धरलं की मूल झटका देतं. नंतरचे तीन-चार तास जास्त जपायचे. बधिर ओठ मुलं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजून पांढरा होतो. ओठाखाली कापसाची गुंडाळी ठेवून पाठवा, आणि जेवण भूल उतरल्यावरच.

पेशंटसाठी

उपाशीपोटी येऊ नका. तासभर आधी पोळीभाजी, उपमा, काहीही खाऊन या. डायबिटीसची गोळी घेऊन नाश्ता चुकवणं तर मुळीच नको. हृदयविकार, बीपी, दमा, रक्त पातळ करणारी गोळी, आणि प्रोप्रानोलॉल (ते हात थरथरणं किंवा अर्धशिशीसाठीही देतात) यांबद्दल खुर्चीत बसण्याआधी सांगा, कारण त्यावर अ‍ॅड्रेनलिन किती द्यायचं ते ठरतं.

मागे कधी इंजेक्शननंतर छातीत धडधडलं असेल, हात थरथरले असतील, तर "मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे" असं लगेच धरून चालू नका. बहुतेक वेळा ती अ‍ॅड्रेनलिनची धडधड असते आणि काही मिनिटांत ओसरते. नेमकं काय झालं ते सांगा: अंगावर गांध्या उठल्या का, ओठ-डोळे सुजले का, श्वास अडकला का. तसं झालं असेल तर गोष्ट गंभीर आहे आणि आधी तपासणी हवी.

"डॉक्टर, मला इंजेक्शनची भीती वाटते, जेल लावून जरा थांबाल का आणि हळू द्याल का," हे मोकळेपणाने म्हणा. यात संकोच करण्यासारखं काही नाही. चांगल्या डॉक्टरला उलट बरं वाटतं. टोचताना श्वास रोखू नका, पायाची बोटं हलवत राहा, डोळे मिटा. चक्कर, घाम, मळमळ वाटली तर उठू नका, लगेच सांगा. खुर्ची आडवी करून पाय वर केले की एक-दोन मिनिटांत बरं वाटतं.

दाताची भूल तासाभरात कमी होते, पण ओठ आणि जीभ तीन ते पाच तास जड राहतात. तोवर गरम चहा नको, चावून खाणं नको. टोचलेली जागा एक-दोन दिवस दुखरी राहू शकते, गालावर निळसर डाग पडू शकतो. पहिल्या दिवशी थंड शेक, दुसऱ्या दिवसापासून कोमट. तोंड उघडायला त्रास होत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दिवसातून चार-पाच वेळा जबडा सावकाश उघडझाप करण्याचा व्यायाम. ताप आला, सूज वाढत गेली किंवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असली, तर वाट न पाहता दवाखान्यात फोन करा.